साक्षीदार की पंच? दुभंगलेल्या मेंदूचं एक प्रकरण

टेबलावर आठ चित्रं मांडलेली. गवत कापायचं यंत्र, झाडू, फावडं, कुदळ, सफरचंद, टोस्टर, हातोडा आणि कोंबडी. समोर एक किशोरवयीन मुलगा. पडद्यावर दोन चित्रं क्षणभर चमकून गेली. त्यांच्याशी जुळणारी चित्रं त्याने बोटाने दाखवायची होती. त्याचा उजवा हात कोंबडीवर गेला, डावा फावड्यावर. ही दोनच का, असं विचारल्यावर तो न अडखळता म्हणाला की त्यात काय, पंजा कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच.

उत्तर चोख होतं. आपल्याकडे गावाकडचा कुणी ऐकत असता तर त्याने मान डोलावली असती. पण फावड्याचा खुराड्याशी काही संबंध नव्हता. ते निवडलं गेलं होतं बर्फामुळे, आणि बर्फ दिसल्याची उत्तर देणाऱ्याला गंधवार्ताही नव्हती.

१९७०च्या दशकातलं अमेरिकेतलं हे प्रकरण. संशोधन-साहित्यात या मुलाला ‘पी. एस.’ या आद्याक्षरांनीच ओळखतात, इथेही तेच ठेवतो. बारावीच्या वर्गाला मानसशास्त्र शिकवताना दरवर्षी मी हे सांगतो, आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: “सर, म्हणजे त्याच्या डोक्यात दोन माणसं होती का?” वर्गात मी ‘पुढे बघू’ म्हणून वेळ मारून नेतो. इथे तसं करता येणार नाही.

पट्टा का कापला

पी. एस.ला फिट्स यायच्या, त्याही औषधांना न जुमानणाऱ्या. मोठ्या मेंदूचे दोन अर्ध असतात, डावा आणि उजवा, आणि त्यांच्यामध्ये तंतूंचा एक जाड पट्टा असतो: कॉर्पस कॅलोसम. सुमारे २० कोटी तंतू. एका बाजूला उठलेलं फेफऱ्याचं वादळ या पट्ट्यावरून दुसऱ्या बाजूला पोचतं आणि माणूस कोसळतो. तेव्हा पट्टाच कापला तर वादळ निदान एका बाजूला तरी अडेल, असा विचार सर्जननी केला. अमेरिकेत रॉचेस्टरला विल्यम व्हॅन वॅगनन यांनी १९४०च्या सुमारास अशी पहिली ऑपरेशनं केली. त्या रुग्णांची नंतर तपासणी झाली, तेव्हा फारसा काही फरकच सापडेना. माणसं चालत, बोलत, विनोद करत. इतका मोठा पट्टा, आणि तो तोडल्यावर काहीच नाही! कार्ल लॅशली हा मोठा शास्त्रज्ञ थट्टेने म्हणायचा की मेंदूचे दोन भाग खाली लोंबू नयेत म्हणून हा पट्टा दिला असावा.

फरक होता, फक्त तो पकडणारी चाचणी नव्हती. कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये रॉजर स्पेरी यांनी मांजरं आणि माकडं यांच्यावर प्रयोग करून ती पद्धत बसवली. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला जोसेफ बोगन आणि फिलिप व्होगल यांनी ‘डब्ल्यू. जे.’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या माजी सैनिकाचं ऑपरेशन केलं आणि स्पेरींचा तरुण विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगा त्याची चाचणी घ्यायला बसला. पडद्याच्या उजव्या बाजूला आकृती चमकली की डब्ल्यू. जे. म्हणायचा, दिसली. डाव्या बाजूला चमकली की म्हणायचा, काहीच दिसलं नाही, आणि त्याच वेळी त्याचा डावा हात ‘दिसलं’ म्हणून कळ दाबत असायचा. स्पेरींना १९८१चं नोबेल मिळालं ते या सगळ्या कामासाठी.

पी. एस.चं ऑपरेशन पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ इथे डोनल्ड विल्सन यांनी केलं. चाचण्या घेतल्या गॅझॅनिगा आणि त्यांचा विद्यार्थी जोसेफ लडू यांनी, गाडीला जोडून न्यायच्या ट्रेलरमध्ये थाटलेल्या फिरत्या प्रयोगशाळेत. रुग्णाला प्रयोगशाळेत बोलावण्यापेक्षा प्रयोगशाळाच त्याच्या दारी.

बर्फ कुठे गेला

चाचणीची युक्ती साधी आहे. पडद्याच्या मधोमध एक ठिपका, त्यावर नजर खिळवायची. ठिपक्याच्या उजवीकडे जे दिसेल ते डाव्या मेंदूत जातं, डावीकडचं उजव्या मेंदूत. ही रचना आपल्या सगळ्यांचीच. एरवी मधल्या पट्ट्यावरून दोन्हीकडची बातमी लगेच इकडून तिकडे जाते, त्यामुळे पत्ता लागत नाही. चित्र इतका कमी वेळ दाखवतात की नजर वळवून दुसऱ्या बाजूने पाहायला सवड मिळू नये. हातांचंही तसंच उलटंपालटं: उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात, डावा उजव्याच्या. आणि बोलणं बहुतेकांमध्ये डाव्या मेंदूकडे.

पी. एस.च्या डाव्या मेंदूला दाखवला कोंबडीचा पंजा. उजव्या मेंदूला दाखवलं बर्फाने वेढलेल्या घराचं चित्र. उजव्या मेंदूने आपल्या ताब्यातल्या हाताने नेमकं उचललं: बर्फ उपसायला फावडं. डाव्यानेही नेमकं उचललं: पंजाला कोंबडी. दोघांची उत्तरं बरोबर.

मग प्रश्न आला, का? बोलणारा डावा. त्याला बर्फाची काही खबर नाही. पण डोळे उघडे आहेत, आपलाच एक हात फावड्यावर आहे हे त्याला दिसतंय. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय म्हणू, असं वर्गात विचारलं की मुलं म्हणतात, “माहीत नाही म्हणू.” अगदी रास्त. पी. एस. तसं म्हणाला नाही. अडखळला नाही, चेहऱ्यावर गोंधळ नाही. त्याला ठाऊक असलेल्या एकुलत्या एक गोष्टीशी, म्हणजे पंजाशी, त्याने फावडं जोडून टाकलं, आणि ते ‘माझं कारण’ म्हणून सांगितलं.

तो खोटं बोलत नव्हता, आणि प्रकरणाचं सगळं वजन इथे आहे. खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. इथे बोलणारा पुरता प्रामाणिक होता आणि पुरता चुकलेला होता, आणि आतून या दोन गोष्टींत त्याला काही फरक जाणवत नव्हता.

असे प्रसंग एक-दोन नाहीत. त्याच्या उजव्या मेंदूला ‘हस’ असा शब्द दाखवला. तो हसला. का हसलास? तर म्हणाला, तुम्ही लोक म्हणजे कमालच आहात. दुसऱ्या एका खेपेला ‘चोळ’ असं दाखवलं, त्याने डोक्याची मागची बाजू चोळली. काय सांगितलं होतं, असं विचारल्यावर त्याने सांगितलेला शब्द होता ‘खाज’. अशाच ऑपरेशन झालेल्या रुग्णांना ‘चाल’ असा हुकूम दिला की ते खुर्चीतून उठून निघत. कुठे निघालात? घरात, कोक आणायला.

गॅझॅनिगांनी डाव्या मेंदूतल्या या कारभाराला ‘इंटरप्रिटर’ म्हटलं. मराठीत त्याला ‘दुभाष्या’ म्हटलेलं मला पटत नाही. दुभाष्याला दोन्ही पक्षांचं बोलणं ऐकू येतं. इथे एका पक्षाचं बोलणं पोचतच नाही, तरी निवेदन दोघांच्या वतीने होतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, आणि तो पोलीस ठाण्यातला आहे: पंच. साक्षीदार घटना घडताना हजर असतो. पंच घटना उरकल्यावर येतो, जागेवर काय पडलंय ते बघतो आणि पंचनाम्यावर सही करतो. फावडं पडलंय, पंजा पडलाय, लिहा: खुराडं. फरक एवढाच की ठाण्यातल्या पंचाला आपण उशिरा आलो हे माहीत असतं. डोक्यातल्या पंचाला वाटतं, आपण पहिल्यापासून इथेच होतो.

गंमत म्हणजे आपली भाषा या बाबतीत इंग्रजीपेक्षा सावध आहे. आपण ‘मी रागावलो’ म्हणतो, पण त्याहून जास्त वेळा ‘मला राग आला’ म्हणतो. मला हसू आलं, रडू कोसळलं, भूक लागली, आठवण झाली, कंटाळा आला. सगळं कुठून तरी येतं आणि ‘मला’ होतं. कप फुटला तर ‘माझ्याकडून फुटला’. पी. एस. सदाशिव पेठेत जन्मला असता तर त्या हसण्यावर ‘हसू आलं’ एवढंच म्हणाला असता, आणि ते शब्दशः खरं ठरलं असतं. पण पुढचा प्रश्न ‘का आलं?’ हाच आला असता, आणि तिथे व्याकरणाने हात टेकले असते. पंच तिथेही सहीला हजरच.

दुसऱ्या बाजूला कोण?

आता वर्गातला प्रश्न. पी. एस.मध्ये एक दुर्मीळ गोष्ट होती: त्याच्या उजव्या मेंदूला वाचता आणि हिज्जे जुळवता येत होते. लहानपणीच डाव्या बाजूला इजा झाल्यामुळे भाषेचा काही भार उजवीकडे सरकला असावा, असा संशोधकांचा तर्क. बोलणं जमत नव्हतं, पण इंग्रजी शब्दजुळणीच्या खेळातल्या अक्षरांच्या सोंगट्या डाव्या हाताने लावता येत होत्या. म्हणजे जी बाजू आजवर मुकी होती, तिला पहिल्यांदाच थेट प्रश्न विचारता येणार होता.

पद्धत अशी. प्रश्न तोंडी विचारायचा, पण त्यातला कळीचा शब्द गाळून. तो शब्द फक्त डावीकडे, म्हणजे उजव्या मेंदूला, चमकवायचा. त्यामुळे बोलणाऱ्या बाजूला प्रश्न काय आहे हेच कळत नाही. पहिला प्रश्न: तू कोण? डावा हात सोंगट्यांमध्ये फिरला आणि त्याने अक्षरं लावली. स्वतःचं नाव. आवडती व्यक्ती विचारली तेव्हा तेव्हाच्या गाजलेल्या टीव्ही मालिकेतल्या नटाचं नाव आलं, हिज्जे अर्धेमुर्धे चुकलेले. चुकलेल्या हिज्ज्यांमुळेच मला ते फार खरं वाटतं. त्या वयाचा कुठलाही मुलगा असंच लिहील.

मग विचारलं, पुढे काय व्हायचंय? सोंगट्यांनी उत्तर दिलं: मोटारींची शर्यत. हाच प्रश्न तोंडी, नेहमीच्या पद्धतीने विचारल्यावर तोंड म्हणालं होतं: ड्राफ्ट्समन, म्हणजे आराखडे काढणारा.

हे वाचून अनेकांना घाई होते. लगेच लिहितात, बघा, एका कवटीत दोन माणसं, एकाला ड्रॉइंग बोर्ड हवा, दुसऱ्याला रेसिंग कार. मी एवढी उडी मारणार नाही. सोळाव्या वर्षी मला एकाच वेळी बँकेत चिकटायचं होतं आणि क्रिकेटच्या दौऱ्यावरही जायचं होतं, आणि माझा पट्टा शाबूत आहे. वडिलांनी विचारलं की बँक, मित्रांनी विचारलं की क्रिकेट. पी. एस.च्या बाबतीत विशेष एवढंच की दोन उत्तरांना दोन वेगळी दारं होती, आणि एका दारातल्याला दुसऱ्या दारातलं ऐकू जात नव्हतं. आपल्याकडे गर्दी तीच, दार एक. आणि त्या दाराशी पंच उभा, ‘मी’ म्हणून सही करायला.

माझं हेही खरं की आपला पट्टा शाबूत असण्याचा मला पूर्वी फार भरवसा होता. २००५ मध्ये स्वीडनच्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी तो घालवला. त्यांनी लोकांना दोन बायकांचे फोटो दाखवले आणि जास्त आवडलेला निवडायला सांगितला. मग हातचलाखीने नाकारलेला फोटोच त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, हीच का आवडली? बहुतेक वेळा अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नाही. लोक कारणं द्यायला लागले, तीही हातातल्या फोटोबरहुकूम. एकाने तर कानातले आवडले म्हणून सांगितलं, आणि त्याने खरोखर निवडलेल्या बाईच्या कानात काही नव्हतं. ही सगळी धडधाकट माणसं, कुणाचंही ऑपरेशन झालेलं नाही. स्थळांचे फोटो घेऊन बसलेल्या, ‘मला माझं मन कळतं’ म्हणणाऱ्या भाच्याला हे सांगितलं, तर तो आठवडाभर बोलला नाही.

परवाचंच. उठून स्वयंपाकघरात गेलो आणि का आलो ते आठवेना. आतून आईने विचारलं, “काय हवंय रे?” तोंडातून निघालं, “पाणी.” मग घोटभर प्यायलोही. तहान नव्हती. बाहेर येऊन वर्तमानपत्र उघडलं तेव्हा कळलं, चष्मा ओट्यावर राहिला होता, तो आणायला गेलो होतो. ‘पाणी’ म्हणताना मला जराही वाटलं नाही की हे आत्ताच जुळवलंय.

याला ‘भ्रम’ म्हणायचं का?

या प्रकरणावरून ‘स्व हा भ्रम आहे’ असं सर्रास म्हटलं जातं, आणि आपल्याकडे त्यात बुद्धाला आणि वेदान्तालाही ओढतात. ओढायला हरकत नाही, पण नेमकं काय जुळतं ते तपासून घ्यावं.

बौद्ध परंपरेतला नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथातून आलास ना, मग रथ कुठला? दांडी म्हणजे रथ? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला ‘रथ’ हे नाव आहे. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेल्या कॉलेजला मिलिंदाचं नाव दिलं आणि तो परिसर नागसेनवन झाला, म्हणजे आपल्याकडे हा संवाद निदान रिक्षावाल्यांच्या तरी रोज तोंडी आहे. पी. एस.चं प्रकरण या बाजूला बरंच झुकतं. जुळणीतला एक सांधा सोडवला, तर ‘मी’ नावाचा कुणी वरून येऊन दोन्ही भाग धरून ठेवत नाही. नाव दोन्हीकडे तेच, बातमी वेगवेगळी. पण रथ जुळणी आहे म्हणजे रथ नाहीच, असं नागसेनही म्हणत नाही. राजा त्यातूनच तर आला होता.

वेदान्ताचं वेगळं. तिथे ‘मी केलं’ म्हणणारा तो अहंकार, आणि नुसता पाहणारा तो साक्षी. चाचणीत रंगेहाथ सापडला तो पहिला. साक्षीला या प्रयोगाने हात लावलेला नाही, लावूही शकत नाही, कारण प्रयोगाकडे ऐकायला फक्त तोंड आणि सोंगट्या आहेत, आणि साक्षी दोन्हीपैकी काहीच वापरत नाही. वेदान्त्याला यात जिंकल्यासारखं वाटेल. मला मात्र न बोलणाऱ्या, न निवडणाऱ्या, न चुकणाऱ्या साक्षीला ‘मी’ का म्हणावं ते कळत नाही. पण ते माझं.

शास्त्राच्या आतूनही आक्षेप आहेत. ॲमस्टरडॅम विद्यापीठाचे याइर पिंटो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पूर्ण पट्टा कापलेले दोन रुग्ण तपासले. दृश्य कुठेही चमकलं तरी ते आहे की नाही आणि कुठे आहे हे त्यांना दोन्ही हातांनी आणि तोंडानेही सांगता येत होतं. डाव्या आणि उजव्या बाजूची चित्रं एकमेकांशी ताडून पाहणं मात्र जमत नव्हतं. त्यांचा निष्कर्ष असा की संवेदना दुभंगते, जाणीव एकच राहते. हे मान्य केलं तर वर्गातल्या प्रश्नाला उत्तर ‘नाही, दोन माणसं नव्हती’ असं येतं. स्पेरींचा कल उलट होता, प्रत्येक अर्धाला स्वतःची जाणीव आहे असा. वाद मिटलेला नाही. मेंदूच्या खालच्या भागातले जोड शाबूत असतात, रुग्ण वर्षानुवर्षं आडवाटा शोधतात, डोकं किंचित हलवून दुसऱ्या बाजूला खूण देतात. कुठला रुग्ण, ऑपरेशननंतर किती वर्षांनी, यावर बरंच अवलंबून राहतं.

पण जाणीव एक की दोन, हा वाद कुठेही सुटला तरी फावड्याचं उत्तर बदलत नाही. जाणीव एक असेल तर ती एकच जाणीव चुकीचं कारण स्वतःचं म्हणून सांगत होती. दोन असतील तर एक दुसरीच्या कामावर आपली सही करत होती. म्हणून ‘भ्रम’ हा शब्द मी ‘मी’साठी वापरत नाही. ‘मला माझी कारणं आतून दिसतात’ या खात्रीसाठी वापरतो. तिथे तो चपखल बसतो.

दोन वर्षांनंतर

ऑपरेशननंतर साधारण दोन वर्षांनी पी. एस.च्या बाबतीत अनपेक्षित घडलं. उजव्या मेंदूला दाखवलेले शब्द त्याला बोलून सांगता यायला लागले. मुकी बाजू बोलती झाली. आता तरी दोन आवाज ऐकू यावेत, असं कुणालाही वाटेल.

त्याला शब्दांच्या जोड्या एकामागून एक दाखवल्या, प्रत्येक जोडीतला एक शब्द डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या मेंदूला मिळालेले शब्द जोडले तर वाक्य होतं: ॲन आज गावात येते. उजव्या मेंदूला मिळालेले: मेरी जहाजाला भेट देईल. विचारल्यावर त्याने आधी डाव्या बाजूचं वाक्य सांगितलं. आणखी काही? मग तुकड्यातुकड्याने आलं: जहाजावर. कोण? मा. आणखी? भेटायला. आणखी? मेरी ॲनला. शेवटी त्याला सांगितलं, आता सगळी गोष्ट एकदम सांग. त्याने एका दमात सांगितली: आई आज गावात यायला हवी, बोटीवरच्या मेरी ॲनला भेटायला.

मेरीतला ‘मे’ बहुधा त्याच्या तोंडी ‘मा’ होऊन आला होता, आणि ‘मा’ची आई झाली होती. दाखवलेल्या शब्दांमध्ये आई कुठेच नव्हती.